छावणीच्या हौदातलं मीठ

आमच्या घराच्या भिंतींना रंग नव्हता, पत्रकं होती. वडील हिंगोलीत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापताना बिघडलेली, शाई पसरलेली, तिरकी कापली गेलेली पत्रकं ते सायकलला बांधून घरी आणत आणि आई ती खळीनं भिंतीला चिकटवी. मातीचे पोपडे पडू नयेत एवढाच तिचा हेतू. मी वाचायला शिकलो तो या भिंतींवरून. बाकीची पोरं ‘कमळ’ आणि ‘बगळा’ वाचत मोठी झाली. मी पहिला वाचलेला शब्द ‘जाहीर’ होता आणि दुसरा ‘निषेध’. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच, असा माझा बरीच वर्षं समज होता.

त्यामुळं हे लिहितानाही हात आपोआप मागण्यांकडे वळतो. पण इथं मागणी एकच होती आणि ती माझी नव्हती. तांड्यातल्या एका मुलीला हौदात उतरायचं होतं.

आमची वस्ती कळमनुरीच्या रस्त्याला. वस्ती बौद्धांची, आणि पलीकडच्या माळावर बंजाऱ्यांचा तांडा. दोन्हींच्या मधे दुष्काळात जनावरांची छावणी पडली होती. तेव्हा गुरांना पाणी पाजायला एक दगडी हौद बांधला गेला. चार बैलगाड्या एकामागं एक उभ्या राहतील एवढा लांब आणि मोठ्या माणसाच्या छातीइतका खोल. त्याचे दगड आमच्या लोकांनी फोडले, तांड्यातल्या लोकांनीही फोडले. एकाच रांगेत बसून, एकाच मुकादमाच्या शिव्या खाऊन. पाऊस आला, छावणी उठली, आणि मग जो तो आपापल्या बाजूला परत गेला. हौद मधेच राहिला. शेजारच्या विहिरीवरची मोटर शाबूत होती म्हणून उन्हाळ्यात तो भरता यायचा, आणि भरला की दोन्हीकडची पोरं त्यात पडायची. वस्तीची पोरं वस्तीच्या काठाला, तांड्याची तांड्याच्या काठाला. मधल्या पाण्यात मात्र कोण कुणाचं ते कळत नसे.

ती मुलगी तांड्याच्या नायकाची, म्हणजे प्रमुखाची, नात. लहानपणी ताप आला आणि दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. जमिनीवर ती हातांवर सरपटायची. चांगली आठ-नऊ वर्षांची झाली तरी आई तिला कमरेवर घेऊन फिरे, आणि आईच्या हातातल्या बांगड्यांचा वळ तिच्या मांडीवर कायम उमटलेला असे. एकदा कुणीतरी तिला हौदाच्या पायरीवर बसवलं. ती सरकली आणि पाण्यात गेली. सगळे ओरडले. पण पाण्यानं तिला उचललं होतं. तिचे ते काडीसारखे पाय पाण्यात हलत होते, आणि तीच सगळ्यात जास्त चकित झाली होती. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टरही म्हणाले, जितकं पाण्यात राहील तितकं चांगलं. त्या दिवसापासून ती काठाला धरून रोज तास न् तास पाण्यात असायची. बाहेर काढलं की भांडायची.

आणीबाणीच्या उन्हाळ्यात पाणी बिघडलं. आधी पोरांचे डोळे आले. मग कुणाचा कान वाहायला लागला, कुणाला हगवण. त्या मुलीला ताप भरला आणि तिच्या आईनं तिला हौदाला पाठवणं बंद केलं. तांड्यातल्या बायांनी निकालही लावून टाकला : तिकडची पोरं उतरतात म्हणून पाणी नासतं. ‘तिकडची’ म्हणजे आमची. आता मधे काट्या टाकायच्या, नाहीतर हौदच बुजवायचा, असं बोलणं सुरू झालं.

मला हे कळलं तेव्हा मी पेटून उठलो. डोक्यात पत्रक तयार होतं, शीर्षकासकट. ते छापायची सोय नव्हती. त्या दिवसांत छापखान्यावर नजर होती, वडिलांनी घरी आणलेले गुलाबी आणि पिवळ्या कागदाचे गठ्ठे न वाटता माळ्यावर पडून होते. म्हणून मी तोंडानंच ऐकवायला निघालो. हौदापाशी पोचलो आणि पाण्याकडे बघितलं. वर हिरवट साय, तळाशी शेण, काठाला म्हशींच्या अंगाचा चिखल. मोटर कित्येक दिवस लागलेली नव्हती.

अपमान खरा होता आणि पाणीही खरंच घाण होतं. अशा वाक्याला पत्रकात जागा नसते. मी तसाच परत आलो.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या पोरांना घेऊन हौद उपसला. नारळाच्या काथ्यानं आणि चुन्यानं घासला, नवं पाणी भरलं. पण हे पाणी आठवड्यात पुन्हा बिघडणार हे दिसत होतं. जंतू मारायची पांढरी पावडर मागायला कचेरीत गेलो, तर ‘आल्यावर देऊ’ असं उत्तर मिळालं. घरी येऊन मी आडवा पडलो. आमच्या घरात आडवं पडलं की वाचणं आलंच. माझ्या उशापाशीच भिंतीला एक जुनं पत्रक होतं, कुठल्याशा विज्ञान मंडळानं छापून घेतलेलं. त्याचा अर्धा भाग चुलीच्या धुरानं काळा झाला होता. उरलेल्यात लिहिलं होतं की मिठाच्या पाण्यातून बॅटरीची वीज सोडली तर पांढऱ्या पावडरीत असते तीच जंतुनाशक क्लोरीन तयार होते. मीठ घरात होतं. मी उठून बसलो.

कळमनुरीत बाजाराच्या कडेला एका मिस्त्रीचं बॅटरी चार्ज करायचं दुकान होतं. त्याच्या दुकानाची पाटी मीच रंगवून दिली होती. त्यानं एक जुनी, ट्रॅक्टरमधून काढलेली बॅटरी माझ्यापुढं सरकवली.

“ले जाव मियाँ. बुड्ढी है, मगर जान है,” तो म्हणाला. “हप्ते में एक बार लाके पेट भरना पडेगा उसका.”

बरणी आईची घेतली, लोणच्याची, काचेची. आई म्हणाली, “यंदा लोणचं कशात घालू? तुझ्या डोक्यात? तिथं आंबटपणा हायच म्हणा.” पण दिली. दांड्या मिळाल्या टॉर्चच्या मेलेल्या सेलमधून. सेल फोडला की मधे काळी, बोटभर लांब कार्बनची दांडी असते. मी वस्तीत सांगून ठेवलं आणि पोरांनी घराघरांतून मेलेले सेल गोळा करून आणले. दोनचार जिवंत सेलही आले, ते परत करावे लागले.

मग रोजचं काम लागलं. संध्याकाळी हौदाच्या कट्ट्यावर बरणी ठेवायची. पाणी घालायचं, त्यात मूठभर खडेमीठ सोडायचं, कडुलिंबाच्या काडीनं ढवळायचं. दोन दांड्या एकमेकींना न भिडतील अशा बसवायच्या, वायरी जोडायच्या. लगेच बारीक बुडबुडे सुरू व्हायचे आणि नाकाला झोंबणारा वास यायचा. हा वास छातीत गेला तर वाईट, म्हणून हे उघड्यावरच करायचं, आणि बुडबुड्यांतला वायू पेट घेतो म्हणून बिडी ओढणाऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही. सकाळी ते पाणी फडक्यातून गाळून हौदात ओतायचं, कारण एक दांडी झिजून काळा गाळ सोडते. दुसरीवर चुन्यासारखा पांढरा थर बसतो. तो काढला नाही तर बुडबुडे मंदावतात. थर मी चिंचेच्या पाण्यानं घासून काढी, आणि अधूनमधून वायरींची अदलाबदल करी, म्हणजे थर आपोआप सुटे.

औषध तयार झालं की नाही हे बघायला मी माळ्यावरची पत्रकं वापरली. गुलाबी कागदाची पट्टी फाडून बरणीत बुडवायची. औषधात जोर असला तर गुलाबी रंग बघता बघता उडून कागद पांढरा पडायचा. छापलेली काळी अक्षरं मात्र तशीच राहायची. वडिलांना हे दाखवलं तर ते कितीतरी वेळ तो ओला कागद उजेडाला धरून बसले. शेवटी म्हणाले, “एक काना उडालाय.” मी घाबरलो. ते हसले. “औषधानं न्हाई. माझ्या हातून राहिला होता तेव्हाच.”

पाणी सुधारलं. वस्तीच्या पोरांचे डोळे बरे झाले. पण तांड्याच्या काठाला कुणी येईना. मी तिकडं जाऊन दोनदा समजावून सांगितलं. जंतू म्हणजे काय, ते जात विचारून अंगात शिरत नाहीत, वगैरे. बाया ऐकून घ्यायच्या आणि कामाला लागायच्या. ती मुलगी दारात बसून माझ्याकडं बघायची. ती एकदाच बोलली. “पानी गार हाय का कोमट?” मी म्हणालो, वरून कोमट आहे, खाली गार. तिनं मान हलवली, जणू तिला एवढंच विचारायचं होतं. माझ्या सगळ्या भाषणापेक्षा तो प्रश्न मला जास्त लागला.

नायक मात्र रोज यायचा. गुरं चारून परतताना हौदाच्या कोपऱ्यावर टेकायचा. लाल मुंडासं, पांढऱ्या मिशा. मी बिडी विझवायला सांगितली की विझवायचा आणि माझं काम बघत राहायचा. मी मूठ उघडून बरणीत मीठ सोडलं की उठून जायचा.

आणि एका सकाळी मुलीची आई तिला कमरेवर घेऊन हौदाला आली. पायरीवर बसवलं, आणि मुलगी घसरत पाण्यात गेली. ती ओरडलीच, आनंदानं. मला वाटलं, आपलं जंतूंचं भाषण अखेर पोचलं. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, “वैनी, पटलं ना मग?”

“काय पटायचं?” ती म्हणाली. “आमचा सासरा म्हनला, त्या पोरानं लूण सोडलंय. आता भ्यायचं काम न्हाई.”

लूण म्हणजे मीठ. पण ते सोडणं म्हणजे काय ते मला तिच्याकडूनच कळलं. त्यांच्या तांड्यात भांडण मिटवायचं असलं की पंचांसमोर तांब्यात पाणी घेतात. ज्यानं शब्द द्यायचा तो त्यात मीठ सोडतो. बोललेलं मोडलं तर या मिठागत विरघळून जाईन, असा त्याचा अर्थ. मग त्या माणसाच्या शब्दावर संशय घ्यायचा नसतो, तो कुठल्याही जातीचा असो. मी ते रोज करत होतो, दोन्ही वस्त्यांच्या देखत. नायकाच्या हिशेबानं मी रोज संध्याकाळी शपथ घेत होतो की या पाण्यानं तुमच्या लेकरांना काही होऊ देणार नाही.

मला राग आला. अंगारे, उतारे, शपथा यांच्याविरुद्ध बोलण्यात माझी उमेदीची वर्षं गेलेली, आणि इथं माझ्याच विज्ञानाला लोक शपथ समजून राहिले होते. मुलगी पाण्यात होती, गप्प बसलो असतो तर काही बिघडत नव्हतं. पण मला गप्प बसता येत नाही. संध्याकाळी नायक येऊन टेकला तसा मी सुरू झालो.

“नायकबाबा, ही शपथ न्हाई. हे रसायन हाय.”

“बरं.”

“मीठ, पाणी आणि करंट. यातून औषध होतं. शपथेचा काही संबंध न्हाई.”

“तू हे काहून करून राहिला?”

“पोरं आजारी पडू नयेत म्हणून.”

“उद्या करशील?”

“करीन की.”

“परवा?”

“रोज करीन.”

“मंग मी दुसरं काय म्हनून राहिलो?” नायक म्हणाला.

“पण बाबा, नुसत्या मिठात काही न्हाई! करंट न्हाई तर मीठ काय कामाचं?”

“आन मीठ न्हाई तर करंट?”

मी अडकलो. “तोही काही कामाचा न्हाई.”

“चला, एवढं तरी कबूल झालास,” म्हणून तो मिशीत हसला. मग म्हणाला, “आमच्या बापजाद्यांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला. आमाला लमान म्हनतात ते त्या लवणावरूनच, असं जुने लोक सांगायचे. मिठाचं आमाला नको शिकवू, पोरा. करंटचं शिकव.”

मी त्याला करंटचं शिकवलं. बुडबुडे कुठल्या दांडीला जास्त येतात, थर कुठल्या दांडीला बसतो, पट्टी कशी बुडवायची. पट्टी पांढरी पडली की तो दर वेळी “हात्तिच्या!” म्हणायचा. शपथेचं मत मात्र त्यानं बदललं नाही, आणि मी माझं.

ऐन मे महिन्यात बॅटरी बसली. बुडबुडे मंदावले आणि मग थांबलेच. मी सायकलवर बांधून कळमनुरीला नेली तर दुकानाला कुलूप. मिस्त्री बहिणीच्या लग्नाला नांदेडला गेलेला. तशीच परत आणली. बरणीत पट्टी बुडवली, तर ती गुलाबीच राहिली.

दुसऱ्या सकाळी पोरं जमली. ऊन आत्ताच चढलेलं. मुलीची आई तिला घेऊन आली. मी पायरीवर आडवा उभा राहिलो.

“आज कुणी उतरायचं न्हाई. औषध झालं न्हाई.”

“काल मीठ सोडलं की तू. मी बघितलंय,” मुलीची आई म्हणाली.

“सोडलं. पण करंट नव्हता.”

मागून एकजण हसली. “का हो पत्रकवाले, आज भाषन न्हाई, करंट बी न्हाई?”

मुलगी आईच्या कमरेवरून पाण्याकडे झुकत होती. “मी थोडंच बसते. पायरीवरच बसते. तोंड मिटून बसते.”

मी हो म्हणालो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं. त्यांच्या लेखी मीठ पडलं होतं, पाणी निर्धास्त होतं. आणि मी नाही म्हणालो तर आत्ताच जमलेला विश्वास जाणार, हेही मला दिसत होतं. तिचा ताप मला आठवला. मी म्हणालो, “नको. पाणी चांगलं असल्याची खात्री न्हाई मला.”

तिच्या आईचा चेहरा लाल झाला. “म्हंजे तुझं मीठ खोटं!”

मुलगी आता रडायला लागली होती. मोठ्यानं नाही, तोंड आईच्या खांद्यात खुपसून.

नायक कोपऱ्यावर टेकला होता. तो उठला. “सूनबाई, खोटं असतं तर त्यानं पोरीला जाऊ दिली असती,” एवढंच म्हणाला. मग बैलाच्या गळ्यातलं दावं सोडलं, आमच्या काठाच्या खुंटाला एक टोक बांधलं, त्यांच्या काठाच्या खुंटाला दुसरं, आणि पायरीवरून आडवं ताणलं. “हे दावं सुटंल तवा उतरायचं. दोन्हीकडच्यांनी.”

त्या उन्हात हौद भरलेला आणि पोरं काठावर. तांड्यातलं एकही पोरगं दाव्याखालून आत गेलं नाही. आमच्यातली दोन गेली, त्यांना मी कान धरून बाहेर काढलं.

बॅटरी नायकानं नेली. मला विचारलंही नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी बैलगाडीत कडब्याची गादी केली, त्यावर ती लेकरासारखी सरळ बसवली, तेजाब सांडू नये म्हणून, आणि निघाला. मिस्त्री त्याच दिवशी नांदेडहून परतला होता. पुढं मी भेटलो तेव्हा तो हसत हसत सांगत होता, “तुम्हारा वो नायक पूरा दिन ओटे पे बैठा रहा. मैं बोला, बाबा, पानी तो पीव. बोला, पहले इसको पिलाव.”

दिवस कलता कलता गाडी हौदापाशी आली. मी बॅटरी उतरवून घेतली, दांड्या चिंचेनं घासून ठेवलेल्याच होत्या. बरणी भरली आणि मिठाचा डबा उघडणार तोच मुलीची आई समोर आली. ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत खडेमीठ होतं, तिच्या घरचं. तिनं मूठ बरणीवर धरली आणि उघडली.

माझ्या तोंडून निघालंच, “वैनी, वायर लावल्याशिवाय—”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “वायर तू लाव.”

मी लावली. बुडबुडे उसळले.

सकाळी मी माळ्यावरची पट्टी आणायला विसरलो नव्हतो, पण मुलीनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आईच्या कमरेवरूनच बरणीत बुडवली. रंग उडाला. “गेला!” ती ओरडली. नायकानं दावं सोडलं. औषध ओतलं, झोंबता वास निवेपर्यंत सगळे थांबले, आणि मग ती पायरीवरून घसरली.

इतके दिवस ती त्यांच्या काठाला धरून असायची. त्या दिवशी तिनं काठ सोडला. पाय कसेही हलत होते, हात कसेही पडत होते, नाकातोंडात पाणी जात होतं. आई काठाकाठानं धावत “मागं फीर, मागं फीर” म्हणत होती. ती फिरली नाही. दमून, खोकत, ती आमच्या काठाला येऊन चिकटली.

माझी आई तिथं माझी भाकर घेऊन बसली होती. बरणी कधी परत मिळणार हे विचारायला आली होती ती. मुलीनं हनुवटी दगडावर टेकवली आणि फडक्यातल्या भाकरीकडं बघितलं. “काय हाय?”

“ठेचा-भाकर,” आई म्हणाली, आणि थांबली. तिनं पलीकडं बघितलं. मीही बघितलं. आमच्या हातचं तांड्यात कुणी खात नसे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मुलीची आई पलीकडच्या काठावर ओढणी सावरत उभी होती. तिला धाप लागली होती.

“मावशी,” ती तिथूनच ओरडली, “तिला तिखट सोसत न्हाई. ठेचा कमी लावा.”